माहरुखच्या कोंबड्या हिरवं खात नाहीत, त्याबद्दल

आदरणीय झरीनताजताई,

सफरअलीचा आदरपूर्वक सलाम. तुमच्या उजव्या गुडघ्याला आता कसं आहे? आणि डाव्याला? (मागच्या पत्रात तुम्ही फक्त उजव्याचं लिहिलं होतंत, तेव्हापासून मला डाव्याची काळजी लागून राहिली आहे.) आमचे साडू हशमतभाई यांचा खोकला डोंगरावरच्या बर्फाबरोबर ओसरला, की अजून भिंतीपलीकडच्यांची झोप मोडतो? धाकट्या सूनबाईंची दाढ उपटली की राहिली? गाय व्याली का, आणि व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा? मधमाश्यांच्या पेट्या थंडीत तगल्या ना? आणि तुमच्या त्या ठिपक्यांच्या कोंबडीची तब्येत कशी आहे? (हिची चौकशी मी नुसती रीत म्हणून करत नाही, पण त्याबद्दल मागाहून.)

इकडे सगळं ठीक. पाऊस नेहमीसारखा आहे, म्हणजे सकाळी सुरू होतो आणि थांबायचं विसरतो. माझी कंबर आहे तिथेच आहे. हे पत्र तुम्ही स्वतः वाचावं, हशमतभाईंना ओसरीवर मोठ्यानं वाचायला देऊ नये, ही पहिली विनंती. अक्षराला हसू नका. मी शाळेत गेलो नाही, चहाच्या कारखान्यात पोत्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकलो, त्यामुळे माझं अक्षर कागदापेक्षा पोत्यावर शोभतं हे मला ठाऊक आहे. फोन केला असता, पण फोन दुकानात, आणि दुकानात बसलेल्या प्रत्येकाला दोन दोन कान.

तुमची धाकटी बहीण तेहरानला नसरीनच्या बाळंतपणाला गेली हे तुम्हाला कळलंच असेल. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, बाळाचं नाक आपल्या घराण्याचं आहे असं सांगतात (बिचारी). पण माहरुखला घराबाहेर काढताना माझ्या नाकी नऊ आले. लेकीचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण ही तिच्याकडे दोन दिवसांवर कधी राहिलेली नाही. का, तर कोंबड्या! "तुमच्या हाती कोंबड्या? अहो, तुम्हाला स्वतःच्या टोपीचा पत्ता नसतो!" शेवटी मी मिशीवर हात ठेवून शब्द दिला, की तू नवरोजला परत येशील तेव्हा तिघीही गेलीस तेव्हापेक्षा धष्टपुष्ट असतील आणि नवरोजच्या अंड्यांच्या झुंजीसाठी टणक अंडं टोपलीत तयार असेल. तेव्हा कुठे ती गाडीत बसली. आणि बसल्यावरही काच खाली करून म्हणाली, "खानबाजीला रागावून बोलू नका, ती मनाला लावून घेते." ताई, आता हा शब्द राहिला नाही, तर ती पुन्हा म्हणून लेकीच्या दारात जाणार नाही. आणि मी तिला जाऊ दिलं नाही असं उद्या ती नात म्हणेल. एवढं सगळं तीन कोंबड्यांवर येऊन ठेपलं आहे.

तिघी तुम्हाला माहीत आहेतच. खानबाजी म्हणजे थोरली, चालताना घागरा सावरल्यासारखी चालते. हिना ती तांबडी, जिला बसायला आवडतं. आणि काकुली, डोक्यावर तुरा असलेली, जिच्याकडे पाठ फिरवण्याइतका माझा विश्वास नाही. माहरुख गेली त्याच दिवशी मी कंबर कसून कामाला लागलो. खुराड्याचं छप्पर शाकारलं. पाण्याचं भांडं घासलं. परसातल्या कुंपणाला शेजारच्या करामतच्या वाडीच्या बाजूनं एक हे एवढं भोक होतं, ज्याच्याकडे तुमच्या बहिणीनं इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. ते तुतीच्या फांद्यांनी विणून असं पक्कं बंद केलं, की कोल्ह्यानं त्याच्यापुढे बसून रडावं. संध्याकाळी हात झटकून मी स्वतःशीच म्हणालो, सफरअली, बायकांनी कोंबडीपालनाचा उगाच बाऊ करून ठेवला आहे.

पुढे काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी अंडं उचललं आणि सवयीनं पुढच्या दातांवर टकटक केलं. आता आपल्याकडे पोराला दात येतात तेच मुळी ह्या कामासाठी. टणक अंडं दातावर गारगोटीसारखं बोलतं. हे बोललंच नाही, सरळ आत आलं. मिशीतून दाढीत, दाढीतून सदऱ्यात. आणि बलक कसला, तर तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचा. दुसरं अंडं तसंच, तिसरं त्याहून वाईट, नुसतं हातात घेतलं तर लाजून चेपलं. तुम्हीच सांगा, असलं अंडं घेऊन मी नवरोजच्या सकाळी चहाच्या दुकानासमोर करामतच्या पुढे उभा राहू? दरवर्षी अंडं माहरुखचं आणि मूठ माझी. करामत आपलं अंडं वरून हाणतो, टोकावर टोक, आणि दरवर्षी त्याचंच फुटतं, आणि तो ते मुकाट्यानं आमच्या टोपलीत टाकतो. (मुकाट्यानं म्हणजे नंतर वर्षभर बोलतो.) ह्या वर्षी त्यानं हाणायचीही गरज नव्हती. नुसतं शिंकला असता तरी पुरलं असतं.

गुरांच्या डॉक्टरला बाजारात गाठलं. त्यानं अंडं उजेडात धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच ते घातलं होतं. म्हणाला (यात्रा करून आल्यापासून सगळे मला मशदीच म्हणतात), "मशदी, हिरवं खाऊ घाला हिरवं! पालक, कोबी, गाजराचा पाला. नुसत्या भातावर पोसलेल्या कोंबडीकडून कवच मागता होय?" एवढंच ना, मी म्हटलं. बाजारातून कवळाभर पालक आणला, धुतला, निवडला, तिघींपुढे ठेवला. खानबाजीनं आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, मग चोच जमिनीला दोन्ही बाजूंनी पुसली आणि पालकावरून चालत निघून गेली. हिना त्यावर बसली.

पण मीही सफरअली आहे. मी पालक बारीक चिरून भातात कालवला. त्यांनी भात खाल्ला आणि पालक भांड्याच्या एका कडेला असा नीट गोळा करून ठेवला, की एखादी सून तांदळातले खडे इतके स्वच्छ काढणार नाही. कोबीचा गड्डा दोरीनं टांगला, म्हणजे उड्या मारमारून खातील. तर त्या त्याला भूत समजल्या, आणि संध्याकाळपर्यंत खुराड्याबाहेर कुणी पाऊल टाकलं नाही. लाल भोपळा किसला. (हिना त्यावरही बसली.) मग विचार केला, कच्चं नको असेल, म्हणून लसूण घालून पालक शिजवला. त्याचा वास इतका सुंदर सुटला की तो मीच खाल्ला. उपाशी ठेवून पाहिलं. दुपारपर्यंत भात दिला नाही. तर तिघी ओसरीच्या पायऱ्यांवर एकीखाली एक अशा उभ्या राहून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर चाललं असतं. शेवटी माझ्याच ताटातला भात त्यांना घातला, वर माशाचं डोकं.

सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा आठवलं, लेकरांना आपण स्वतः खाऊन दाखवतो. म्हणून परसात उकिडवा बसलो, पालकाची जुडी हातात घेतली, आणि कच्चीच कराकरा चावत मोठ्यानं म्हणायला लागलो, "वा! काय चव! वा वा!" तिघी माना वाकड्या करून पाहत होत्या. मला वाटलं, आता जमतंय. तेवढ्यात फाटकावरून आवाज आला. करामत! बघतोय कधीपासून कोण जाणे.

"मशदी," तो म्हणाला, "वहिनी गेल्यापासून जेवणाचे एवढे हाल? अरे, सांगायचं तरी!"

काय बोलणार, तोंडात पालक. त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, तूबाखानमनं, झाकून भाजीचं पातेलं पाठवलं, वर भात, वर लोणच्याचा लसूण. चहाच्या दुकानात दुसऱ्या दिवशी मी शिरलो तेव्हा सगळे एकाएकी पावसाबद्दल बोलायला लागले.

आता ऐका, नशीब कसं उलटं फिरतं. माहरुखचा दुकानात फोन आला की नवरोजच्या मांडणीसाठी गहू भिजत घाला, हिरवं वेळेत उगवायला हवं. मी घातले. ताटलीत पसरले, ओलं फडकं टाकलं, ओसरीच्या खिडकीत ठेवले. काय उगवलं सांगू! दाट, हिरवंगार, मखमलीसारखं. त्याला लाल फीतसुद्धा बांधली. नमाजाला गेलो, परत आलो, तर खिडकीत ताटली, ताटलीत फीत, आणि मधे टक्कल. खाली काकुली उभी, चोचीतून गव्हाचं एक पातं लोंबतंय, आणि चेहरा असा की हे पातं कुणी इथे टाकलं बाई! वर्षाची शुभ वस्तू गेली म्हणून रडू, की हिनं हिरवं खाल्लं म्हणून नाचू? मी दोन्ही थोडं थोडं केलं.

ताबडतोब आणखी गहू पेरले. उगवल्यावर ताटली मानानं त्यांच्यापुढे ठेवली, घ्या म्हटलं बायांनो, मनसोक्त. शिवल्यासुद्धा नाहीत. उचलून पुन्हा खिडकीत ठेवली आणि आत गेलो. साफ! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या कोंबड्यांना हिरवं आवडत नाही असं नाही, त्यांना दिलेलं आवडत नाही. चोरलेलं आवडतं.

आता माझा दिनक्रम ऐका. सकाळी पालक खिडकीत लपवायचा, किंवा बुटात, किंवा वाळत घातलेल्या सदऱ्याखाली. मग शीळ घालत निघून जायचं. मग दाराआडून पाहायचं. पहिली चोच पडली की केरसुणी घेऊन धावत यायचं आणि बोंब मारायची, "चोरट्यांनो! माझा पालक! मेलो, लुटलो!" की त्या पळता पळता दुप्पट खातात. धावून यायला मला उशीर झाला तर खाणं थांबवून दाराकडे बघतात, म्हातारा आज येत का नाही म्हणून. माझ्या वयाला हे शोभत नाही हे मला कळतं. दम लागतो, एकदा केरसुणीतच पाय अडकून पडलो. (पडलेला पाहून हिना माझ्यावर बसली.) पण बलकाला जरा पिवळेपणा आला आहे, आणि मी हटणारा नाही. नवरोजच्या सकाळी ह्या परसातलंच अंडं माझ्या मुठीत असेल, प्रामाणिकपणे पोसलेलं, प्रामाणिकपणे घातलेलं. माहरुखनं निर्धास्त मनानं लेकीकडे जावं, वाटेल तितकी राहावी, एवढीच माझी इच्छा आहे. हशमतभाईंना सलाम, सूनबाईंच्या दाढेला आराम पडो.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा,
सफरअली

ता. क. — त्या ठिपक्यांच्या कोंबडीबद्दल. तिची अंडी मागच्या वर्षी हशमतभाईंच्या दातावर वाजवली तेव्हा दात हलला होता हे मला आठवतं. त्यातलं एक, फार तर दोन, कोंड्यात नीट पुरून ऐनुल्लाच्या मिनीबसनं पाठवता आलं तर बरं. नुसतं शेजारी ठेवून तुलना करायला. कोंड्यावर गवत ठेवा आणि ऐनुल्लाला सांगा की औषध आहे. प्रामाणिकपणाबद्दल वर लिहिलं आहे ते तसंच राहू द्या.

आणखी ता. क. — पत्र अजून माझ्याच खिशात आहे. तुमच्याकडच्या रस्त्यावर दरड कोसळली, ऐनुल्ला अर्ध्यातून परत आला. बरंच झालं. अंडं पाठवू नका. इकडे काय झालं ते बसून वाचा.

काल मी नेहमीप्रमाणे केरसुणी घेऊन "माझा पालक, माझा पालक" करत धावत असताना कुंपणापलीकडून तूबाखानमचं डोकं वर आलं. मला वाटलं, ही आता जाऊन नवऱ्याला सांगणार आणि मग उरलेल्या गावाला. पण ती रागानं लाल झाली होती.

"मशदी, ही नाटकं पुरे करा. भोक कुणी बुजवलं ते सांगा!"

"कोणतं भोक?"

"कोणतं भोक म्हणे! माझ्या वाडीत येऊन बघा जरा. गोगलगाईंनी घेवडा खाल्ला, पालक खाल्ला, कोथिंबीर खाल्ली, आता माझ्या चपला खायच्या राहिल्यात. इतकी वर्षं तुमच्या कोंबड्या पहाटे येतात, गोगलगाई कवचासकट वेचतात, वर पोटभर पालक ओरबाडतात आणि आपल्या वाटेनं घरी जातात. माहरुखचं आणि माझं ठरलेलंच आहे ते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

ताई, मी तिथेच केरसुणीवर टेकून उभा राहिलो. कुंपणानंच शेत खाल्लं असं ऐकलं होतं. इथे कुंपण नीट बांधलं म्हणून शेत गेलं आणि कोंबड्याही उपाशी! ह्या घरात मी जन्मलो, ह्या परसात म्हातारा झालो, आणि माझ्या नाकाखाली दोन बायका आणि तीन कोंबड्या मिळून एवढा कारभार चालवत होत्या. तरी मला एक कोडं उलगडेना. मी विचारलं, "पण तूबाखानम, त्याच पालकावर आमची अंडी टणक होतात आणि दरवर्षी तुझ्याच नवऱ्याचं अंडं फोडतात, त्याचं काय?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तो हरला की फक्त चहाच्या दुकानात बोलतो. जिंकला तर वर्षभर मलाच ऐकावं लागेल."

आज उजाडता उजाडता मी स्वतः विणलेल्या फांद्या स्वतः कापल्या. तिघी आधीच तिथे रांगेत उभ्या होत्या. खानबाजी पुढे. जाताना तिनं माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या डोळ्यानं पाहायची तसदी घेतली नाही.

शेवटचं ता. क. — नवरोज मुबारक, ताई. रस्ता आता मोकळा होतो आहे, ऐनुल्ला उद्या निघेल म्हणतो.

माहरुख आली. आधी खुराड्यात गेली, मग घरात. (मी फाटकाशी सामान घेऊन उभा होतो.) तिघींना उचलून उचलून पाहिलं, पंख फुंकून पाहिले, अंडी दातावर वाजवली. वाजवताना फाटकापर्यंत मलाही ऐकू आलं, गारगोटी! मांडणीतलं हिरवं पाहून म्हणाली, इतकं विरळ कसं? मी म्हटलं, ह्या वर्षी गहू चांगला नव्हता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण एक-दोन दिवस उशिरा उजाडलं तर कुणाचं काय जातं?

मग झुंज. सगळं गाव चहाच्या दुकानासमोर. करामतनं ह्या वर्षी अंडं लोकरीत गुंडाळून आणलं होतं. मी मूठ धरली, टोक तेवढं बाहेर. त्यानं हाणलं. टक् असा आवाज झाला आणि क्षणभर आम्ही दोघंही आपापल्या मुठीत बघायला घाबरलो. मग करामतच्या बोटांमधून बलक ओघळला. त्यानं अंडं मुकाट्यानं टोपलीत टाकलं आणि बोलायला सुरुवात केली. मागे बायकांच्या घोळक्यात तूबाखानम आकाशाकडे पाहत होती, चेहऱ्यावर इतकं दुःख, की तिला आधार द्यावासा वाटला.

म्हणजे शब्द राहिला. माझी छाती फुगली. आणि घरी येताना, ताई, तुमची बहीण माझ्या कोपराला धरून चालत होती (चिखल होता म्हणून) आणि म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुमच्यानं होईल. आता माझा जीव शांत झाला. भातकापणी झाली की नसरीनकडे पुन्हा जाते, आणि ह्या वेळी सगळा हिवाळा राहते. तुम्ही आहात ना."

मी आहे. पण सगळा हिवाळा, ताई! तुम्हाला खरं सांगतो, कोंबड्यांचं मी निभावलं, पण घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. टोपी कुठे आहे हे विचारायला कुणी नाही, आणि विचारलं तरी "डोक्यावर!" असं ओरडायला कुणी नाही. पालक लुटला म्हणून मी जी बोंब मारत होतो ना, ती सगळीच काही कोंबड्यांसाठी नव्हती. पण हे मी तिला कसं सांगू? मिशीवर हात ठेवून मीच तिला पाठवली. म्हणून माझी खरी विनंती ही. तुम्ही थोरल्या बहिणीच्या नात्यानं तिला एक पत्र लिहा, की लेकीकडे जरूर जावं, पण पंधरा दिवस पुरे. आणि सहज लिहिल्यासारखं लिहा, की कोंबड्या घरच्या बाईशिवाय फार दिवस हिरवं खात नाहीत असं तुमच्या ऐकण्यात आलं आहे. कुणाकडून ऐकलं ते लिहू नका. ह्या पत्रानं चूल पेटवा.

कापलेल्या तुतीच्या फांद्या मी टाकल्या नाहीत, भिजवून खुराड्यामागे ठेवल्या आहेत, म्हणजे वाकायला मऊ राहतील. तुमचं पत्र वेळेत आलं तर ठीक. नाही आलं, तर भातकापणीच्या आधी मला कुंपण पुन्हा नीट बांधावं लागेल. तेव्हा ताई, जरा लवकर लिहा.